मुकुंदपुराचा दगड: सीएम १ की सीएम २?

ताम्रपट, वीरगळ, गांवकारीची दप्तरं हे आपल्या मंडळाचे नेहमीचे विषय. आकाशातून पडलेल्या दगडाचा गोव्याच्या इतिहासाशी काय संबंध, असं कोणीही विचारेल. संबंध दोनापावलाचा आहे. तिथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले संशोधक हिंदी महासागराच्या तळातल्या गाळातून अंतराळातले सूक्ष्म कण वेचत आले आहेत. राजस्थानात पडलेल्या एका अशनीच्या वर्गीकरणातही त्यांचं मत नोंदलेलं आहे.

६ जून २०१७ रोजी पहाटे जयपूरजवळच्या मुकुंदपुरा गावच्या शेतात सुमारे दोन किलोचा काळा दगड पडला आणि आपटून फुटला. तुकडे लगेच गोळा झाले, हे बरं झालं. कारण हा कार्बनी कोंड्राइट, आणि असले दगड ठिसूळ, मातीसारखे. एखादा पाऊस खाल्ला तरी त्यातल्या नोंदी बिघडतात. या जातीचे दगड आपल्याकडे क्वचितच पडतात. आधीची उदाहरणं म्हणजे ओडिशातलं नवापाली (१८९०) आणि राजस्थानातलंच हरिपुरा (१९२१).

असा दगड हाती आला की दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. पहिला कुळाचा. गटांची नावं पडलेल्या ठिकाणांवरून आहेत: टांझानियातल्या इवुनावरून सीआय, युक्रेनमधल्या मिघेईवरून सीएम, इटलीतल्या विगारानोवरून सीव्ही. कुळ ठरतं ते मुख्यतः रसायनावरून. सीआय दगडांतलं मूलद्रव्यांचं प्रमाण, वायुरूप द्रव्यं सोडली तर, सूर्याशी जुळतं. म्हणून ते मोजमापाचा पाया. त्याच्या तुलनेत सीएममध्ये ॲल्युमिनियम, कॅल्शियमसारखी उष्णतेला दाद न देणारी द्रव्यं थोडी जास्त, तर जस्त, गंधकासारखी लवकर उडून जाणारी कमी. जोडीला ऑक्सिजनच्या तीन समस्थानिकांचं प्रमाण पाहतात. ही खूण १९७३ मध्ये रॉबर्ट क्लेटन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिली. मुकुंदपुराचं कुळ सीएम, याबद्दल मतभेद नाही.

दुसरा प्रश्न: जन्मानंतर या दगडावर काय गुजरलं? त्यासाठी आकडा. १९६७ मध्ये व्हॅन श्मुस आणि वुड यांनी घातलेल्या पद्धतीत ३ म्हणजे जवळजवळ मूळ स्थितीत, २ म्हणजे पाण्याने बदललेला, १ म्हणजे पुरता बदललेला. ४ ते ६ उष्णतेने बदललेले. हे पाणी पृथ्वीवरचं नव्हे. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी सूर्यमाला घडू लागली, त्यानंतर थोड्याच काळात मूळ लघुग्रहाच्या पोटातला बर्फ वितळला, त्याचं हे पाणी.

त्याची साक्ष खनिजं देतात. ऑलिव्हिन आणि धातूचे कण शाबूत असतील तर पाणी कमी मुरलं. त्यांच्या जागी सर्पेंटाइनसारखी पाणी धरणारी खनिजं आली असतील तर जास्त. बदल वाढत जातो तसं सर्पेंटाइनमधलं लोह घटतं, मॅग्नेशियम वाढतं. कोंड्रूल नावाच्या गोल दाण्यांच्या शेवटी नुसत्या बाह्यरेषा उरतात. २००७ मध्ये ॲलन रुबिन आणि सहकाऱ्यांनी सीएमसाठी याच खुणांवरून २.६ ते २.० अशी बारीक पट्टी केली.

इथेच खरी अडचण आली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या अभ्यासात मुकुंदपुरा सीएम २ ठरला. दोनापावलाच्या गटाने २०१९ मध्ये त्याला सीएम २.०, म्हणजेच सीएम १ म्हटलं. त्यांनी अमिनो आम्लंही तपासली होती. २०२० मधल्या एका परदेशी निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न आहे: सीएम १ की सीएम २?

एकाच दगडाची अशी दोन उत्तरं आली म्हणून कोणी तरी चुकलं असलं पाहिजे, असं मला वाटत नाही. सीएम दगड बहुधा गोधडीसारखे असतात. लघुग्रहावरच्या टकरींत फुटलेले वेगवेगळे तुकडे पुन्हा एकत्र दाबले जाऊन बनलेले. एका तुकड्यात पाणी खोल मुरलेलं, शेजारच्यात कमी. दोन प्रयोगशाळांकडे दोन चकत्या गेल्या तर दोन आकडे येऊ शकतात.

आपल्या कामात हे नवं नाही. एकाच देवळात कदंबकालीन खांब आणि नंतरचा मंडप असतो, आणि फक्त मंडप पाहणारा देऊळ नंतरचं ठरवतो. म्हणून आकड्याइतकीच जपायची गोष्ट म्हणजे चकती दगडाच्या कुठल्या तुकड्यातून काढली, ही नोंद. ती हरवली तर पुढे दोन्ही आकडे असूनही त्यांचा ताळमेळ लावता येणार नाही.