मानवसहित चांद्र मोहिमा व अवकाशस्थानके : मुंबईतील संशोधन

पृथ्वीबाहेरील ज्या एकमेव खस्थ पदार्थावर मानवाने पाऊल ठेवले आहे, तो चंद्र होय. अमेरिकेच्या अपोलो कार्यक्रमात जुलै १९६९ ते डिसेंबर १९७२ या काळात सहा याने चंद्रावर उतरली व बारा अंतराळवीर तेथे वावरले. तत्पूर्वी २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरील चाचणीच्या वेळी लागलेल्या आगीत ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे मृत्युमुखी पडले होते. एप्रिल १९७० मध्ये ऑक्सिजनची टाकी फुटल्यामुळे अपोलो–१३ न उतरताच परतले. अपोलो–११ चे अंतराळवीर ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईस आले होते. त्यांच्या भेटीची आठवण अद्याप सांगितली जाते. त्यांनी आणलेल्या खडकांचा याच शहरात जो अभ्यास झाला, तो मात्र अधिक महत्त्वाचा असूनही फारसा परिचित नाही.

अपोलो यानांनी एकूण सु. ३८२ किग्रॅ. चांद्र पदार्थ आणला. त्यांतील काही नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील देवेंद्र लाल यांच्या गटास मिळाले. हा गट अशनींतील विश्वकिरणांच्या खुणांचा अभ्यास आधीपासूनच करीत होता. चंद्राला वातावरण नाही आणि व्यापक चुंबकीय क्षेत्रही नाही. त्यामुळे विश्वकिरणांतील व सौर उद्रेकांतील लोहासारखी जड अणुकेंद्रे पृष्ठावर थेट आदळतात व खनिजांच्या स्फटिकांत सूक्ष्म इजेच्या रेषा मागे ठेवतात. योग्य रसायनाने स्फटिक कोरून काढला की, या रेषा रुंदावून सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. सौर उद्रेकांतील कण स्फटिकात एक मिमी.हूनही कमी खोल जातात, तर दीर्घिकेतील विश्वकिरण काही सेंमी.पर्यंत पोहोचतात. साहजिकच रेषांची घनता खोलीनुसार कशी घटते, यावरून एखादा कण चंद्रपृष्ठाच्या अगदी वर किती काळ पडून होता, हे ठरविता येते. लहानमोठ्या आघातांनी चांद्र माती सतत वरखाली होत असल्यामुळे तिच्या थरांत सूर्याच्या प्राचीन उद्रेकांची एक नोंदवहीच साठलेली असते. १९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या भौतिकीय संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले व या कामाचे केंद्र तिकडे सरकले.

सोव्हिएट रशियाच्या मानवरहित लूना–१६ यानाने १९७० मध्ये सु. १०० ग्रॅ. माती आणली. तेव्हा माणसे पाठविण्याची गरज होती काय, हा प्रश्न रास्त आहे. खर्च व धोका पाहता यंत्रांची बाजू बळकट दिसते. तथापि निवडून उचललेले मोठे खडक आणि जमिनीत खोलवर घातलेल्या नळ्यांतील थर यंत्रांना त्या काळी त्या प्रमाणात मिळविता आले नसते.

पहिले अवकाशस्थानक सॅल्यूत–१ हे १९ एप्रिल १९७१ रोजी सोडण्यात आले. त्यावर २३ दिवस राहून परतताना यानातील हवा निसटून गेल्यामुळे दब्रव्होल्स्की, व्होल्कव्ह व पत्सायेव्ह यांचा ३० जून रोजी मृत्यू झाला. अमेरिकेचे स्कायलॅब मे १९७३ मध्ये सोडण्यात आले. तीन तुकड्या त्यावर अनुक्रमे २८, ५९ व ८४ दिवस राहिल्या. ११ जुलै १९७९ रोजी ते कोसळले, तेव्हा ते आपल्याच डोक्यावर पडेल या भीतीने भारतात मोठी घबराट पसरली होती. प्रत्यक्षात त्याचे अवशेष हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. या भीतीच्या गदारोळात एक गोष्ट बाजूस राहिली. स्कायलॅबवर ठेवलेल्या लेक्सन प्लॅस्टिकच्या पत्र्यांवरील जड अणुकेंद्रांच्या रेषा सुकुमार बिस्वास, एन्. दुर्गाप्रसाद व त्यांच्या मुंबईतील सहकाऱ्यांनी अभ्यासल्या होत्या. तत्त्व चांद्र स्फटिकांचेच, फक्त स्फटिकाच्या जागी प्लॅस्टिक आले.

यातूनच पुढे ‘अनुराधा’ हे उपकरण घडले. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूत–७ वर जाऊन आल्यानंतर वर्षभराने, २९ एप्रिल १९८५ रोजी, चॅलेंजर यानातील स्पेसलॅब–३ बरोबर ते अवकाशात गेले. प्लॅस्टिकचा वरचा थर स्थिर ठेवून खालचा हळूहळू फिरविल्यामुळे प्रत्येक कण केव्हा आला, हे दोन्ही थरांतील रेषा जुळवून कळे. आगमनाची वेळ कळली की, त्या क्षणी यान कोठे होते हेही कळे, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा चाळणीसारखा उपयोग करून कणाच्या विद्युत् भाराचा अंदाज बांधता येई.