हिमालयातील बर्फ, दख्खनचा दुष्काळ आणि येलहंका येथील पर्जन्यमापक

जून 2024 च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातील सहस्रताल परिसरात, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, एक गिरिभ्रमण पथक परतीच्या वाटेवर हिमवादळात सापडले. 22 जणांच्या त्या पथकात कर्नाटकातील 18, महाराष्ट्रातील एक आणि तीन स्थानिक वाटाडे होते. नऊ जणांचा मृत्यू झाला. उरलेल्या 13 जणांना वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी आणि बचाव पथकांनी सुखरूप खाली आणले.

मृतांपैकी बहुतेक बंगळुरूचे रहिवासी होते. त्याच बंगळुरूच्या उत्तर भागात, येलहंका उपनगरातील अट्टूर लेआउटजवळ, कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती संनियंत्रण केंद्र आहे. राज्याच्या ग्रामपंचायतींत बसवलेले सहा हजारांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापक या केंद्राला दर 15 मिनिटांनी पावसाची नोंद पाठवतात. ‘वरुणमित्र’ या दूरध्वनी सेवेवर शेतकरी दिवसरात्र केव्हाही आपल्या गावच्या पावसाची विचारणा करू शकतो. ज्या शहरातून राज्यातील गावोगावच्या पावसाचा हिशेब ठेवला जातो, त्या शहराची माणसे नोंदींच्या दृष्टीने जवळजवळ कोऱ्या असलेल्या डोंगरावर वादळाला सामोरी गेली. हे अंतर कसे निर्माण झाले, हे समजून घेण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

1876 ते 1878 या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. मुंबई व मद्रास इलाख्यांतील अनेक जिल्हे होरपळले. म्हैसूर प्रांताने आपल्या लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा गमावला, असे मानले जाते. भारतीय हवामान खात्याची स्थापना नुकतीच, 1875 मध्ये, झाली होती आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख होते. पाऊस कमी पडणार हे आधी कळू शकेल काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

ब्लॅनफर्ड यांनी उत्तर शोधले ते हिमालयात. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ अधिक पडला व उशिरापर्यंत टिकला, तर उत्तरेकडून कोरडे वारे वाहतात आणि भारतात पाऊस कमी पडतो, असे त्यांचे अनुमान होते. 1884 मध्ये त्यांनी ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंधरूपाने मांडले. यामागील भौतिकी आजही समजण्याजोगी आहे. पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परावर्तित करतो. उरलेली उष्णता बर्फ वितळवण्यात आणि ओली जमीन सुकवण्यात खर्ची पडते. परिणामी भूभाग उशिरा तापतो. मान्सूनला ओढून आणणारा जमीन आणि समुद्र यांच्यातील तापमानाचा फरक त्यामुळे क्षीण होतो. 1882 ते 1885 या काळात ब्लॅनफर्ड यांनी या आधारे प्रायोगिक अंदाज वर्तवले आणि 4 जून 1886 रोजी देशाचा पहिला नियमित मोसमी अंदाज प्रसिद्ध झाला. भारतातील दीर्घ मुदतीच्या हवामान अंदाजाचा आरंभ, अशा रीतीने, बर्फाच्या निरीक्षणातून झाला.

या पद्धतीच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. 1899 साठी ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन इलियट यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला; प्रत्यक्षात त्या वर्षी भयंकर दुष्काळ पडला. 1904 मध्ये खात्याची सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी अनुमानाऐवजी गणिताचा आधार घेतला. त्यांच्या सुरुवातीच्या समीकरणात मे अखेरचा हिमालयातील बर्फ हा एक घटक होताच. त्याच्या जोडीला दक्षिण अमेरिका व मॉरिशस येथील वायुदाब आणि झांझिबारचा पाऊस हे घटक आले.

या इतिहासाची एक खूण पुणेकरांच्या रोजच्या बोलण्यात टिकून आहे. हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून 1928 मध्ये पुण्याला हलले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, तरी नाव राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात उपग्रहांमुळे बर्फाचा विस्तार प्रथमच अवकाशातून मोजता आला. हान आणि शुक्ला यांनी 1976 मध्ये दाखवले, की युरेशियातील हिवाळी हिमाच्छादन आणि भारतीय मान्सून यांचा संबंध व्यस्त दिसतो. 1987 च्या दुष्काळानंतर डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 घटकांचे जे प्रारूप सिद्ध केले, त्यात हिमालयातील व युरेशियातील हिमाच्छादन हे दोन घटक होते. हे प्रारूप 1988 पासून वापरात आले. त्याच वर्षी कर्नाटकाने दुष्काळ संनियंत्रण कक्ष स्थापन केला. 2007 मध्ये नवे नाव मिळालेले येलहंका येथील केंद्र ते हेच.

एका अंदाजाने देशाचा सरासरी पाऊस सांगायचा, तर दुसऱ्या यंत्रणेने प्रत्येक गावात पडलेला पाऊस मोजायचा, असे हे दोन मार्ग होते. 2002 मध्ये गोवारीकर प्रारूपाने 101 टक्के पाऊस सांगितला आणि प्रत्यक्षात 81 टक्के पडला. पुढील वर्षी ते प्रारूप बदलण्यात आले. बर्फ आणि मान्सून यांचे नाते मानले होते तितके स्थिर नाही, हे तोवर स्पष्ट झाले होते. पर्जन्यमापकाचे महत्त्व मात्र वाढतच गेले.

या सर्व काळात बर्फाकडे मुख्यतः दूरच्या पावसाचे चिन्ह म्हणून पाहिले गेले. बर्फावर उभ्या असलेल्या माणसासाठी अंदाज देण्याचे काम निराळे आहे आणि त्याची संस्थाही निराळी. 1969 मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली. 2020 मध्ये ती संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली. सैनिक आणि सीमावर्ती रस्ते हे तिच्या कामाचे केंद्र राहिले. तरीही धोका टळत नाही. गुलमर्गजवळ फेब्रुवारी 2010 मध्ये हिमस्खलनात 17 जवान मृत्युमुखी पडले. 2023 मध्ये तेथेच दोन पोलिश स्कीपटू दगावले. 2025 मध्ये याच्या उलट घडले. पुरेसा बर्फ नसल्याने गुलमर्गच्या हिवाळी क्रीडा स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

डोंगरातील अंदाज कठीण का, हे साध्या हिशेबाने कळते. उंची एक किलोमीटर वाढली, की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. दरीचा तळ 2,500 मीटरवर आणि कडा 4,500 मीटरवर असेल, तर दोहोंत सुमारे 13 अंशांचा फरक पडतो. खाली 10 अंश सेल्सिअस असताना वर उणे 3 असतात. तळाशी पाऊस, माथ्यावर हिमवादळ. जागतिक प्रारूपाचा 12 किलोमीटरचा चौकोन ही दरी आणि हा कडा एकाच सरासरीत बसवतो. मे 2025 मध्ये कार्यान्वित झालेल्या, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने हा चौकोन सहा किलोमीटरवर आणला. ही मोठी प्रगती आहे. परंतु चौकोन लहान झाला, तरी तो पडताळण्यासाठी जमिनीवरील नोंद लागतेच आणि चार हजार मीटरच्या वर नियमित नोंद करणारी केंद्रे हिमालयात अत्यंत विरळ आहेत.

दख्खनच्या दुष्काळाने आपल्याला प्रथम हिमालयाकडे पाहायला लावले आणि नंतर गावागावांत पर्जन्यमापक उभारायला लावले. आता दरवर्षी हजारो तरुण मैदानी शहरांतून त्या उंच वाटांवर जातात. त्या वाटांवरही अशीच घट्ट वीण असलेले निरीक्षणांचे जाळे आणि पथकाच्या म्होरक्यापर्यंत वेळेत पोहोचणारा संदेश हवा. तोवर डोंगरात निघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अंदाज वाचताना दोन प्रश्न विचारावेत: हा अंदाज नेमक्या किती उंचीसाठी आहे, आणि जवळचे निरीक्षण केंद्र किती दूर आहे? उत्तर मिळाले नाही, तर परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावी.