खाणमातीवरच्या सायकलवाटा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या मध्यभागी क्रॉस्बी आणि आयर्नटन ही दोन लहान गावे एकमेकांना लागून आहेत. त्यांच्या वेशीबाहेर कायुना नावाचा परिसर सुरू होतो. बर्च आणि ॲस्पेनचे जंगल, निळ्या-हिरव्या पाण्याची खोल तळी आणि त्यांच्या काठाकाठाने टेकड्या चढत-उतरत जाणाऱ्या माउंटन बाइकच्या वाटा हे इथले आजचे रूप. पाहणाऱ्याला हे अनादि रान वाटावे. पण इथल्या पुष्कळ टेकड्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या आत रचलेल्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याची तळी त्याहूनही अलीकडची. दोन्ही लोहखनिजाच्या खाणींनी मागे सोडलेली आहेत.

खाणी येण्यापूर्वी हा ओजिब्वे लोकांचा मुलूख होता. नैसर्गिक तळ्यांत आपोआप उगवणारा जंगली भात, मासे आणि शिकार यांवर त्यांचे वर्ष चाले. १८५५च्या तहाने हा प्रदेश अमेरिकन सरकारकडे गेला. त्याच तहाने ओजिब्वेंसाठी रॅबिट लेकजवळ जो तुकडा राखून ठेवला होता, तोही पुढच्या दहा वर्षांत नव्या तहांनी काढून घेण्यात आला. १८७०नंतर नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे आली, तिच्यामागोमाग लाकूडतोड आली आणि पांढऱ्या पाइनचे उंच जंगल फळ्यांच्या रूपाने बाहेर गेले.

मिनेसोटातले आधीचे दोन लोहपट्टे, व्हर्मिलियन आणि मेसाबी, एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. कायुनातले खनिज मात्र कुठेही जमिनीवर डोकावत नव्हते. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू, गोटे आणि मातीच्या जाड थराखाली ते दडलेले होते. कायलर ॲडम्स या भूमापकाच्या ध्यानात आले, की डीअरवुडच्या आसपास होकायंत्राची सुई ठरावीक ठिकाणी भलतीकडेच वळते. त्याने त्या ठिकाणांची चिकाटीने नोंद ठेवली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोके पाडून पाहिली. खनिज निघाले. पट्ट्याला नाव मिळाले ते कायलरमधले ‘काय’ आणि त्याच्या युना नावाच्या कुत्रीचे नाव जोडून. रॅबिट लेकजवळच्या केनेडी खाणीतून १९११ साली पहिले खनिज रेल्वेने सुपीरियर बंदराकडे रवाना झाले.

पुढच्या काही वर्षांत पट्ट्यात खाणींची रीघ लागली. पाणी आणि सरकती वाळू यांमुळे शाफ्ट खाली उतरवणे हेच मोठे संकट होते. जिथे खनिज त्यातल्या त्यात वर होते तिथे पेनिंग्टनसारख्या उघड्या खाणी निघाल्या. वाफेवरची फावडी वरचा थर उपसत आणि तो रेल्वेच्या डब्यांतून बाजूला नेऊन टाकला जाई. निकृष्ट खनिजाचेही असेच ढीग लागत, कधीतरी भाव येईल या आशेने. बहुतेकांना तो आलाच नाही. फिनलंड, स्वीडन, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, इटली अशा ठिकठिकाणांहून आलेले मजूर गावांत स्थिरावले. क्रॉस्बीच्या राजकारणाचा कल यावरून कळेल, की १९३२च्या निवडणुकीत गावाने एमिल नायगार्डला निवडून दिले. अमेरिकेतला पहिला कम्युनिस्ट नगरप्रमुख म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

कायुनाच्या खनिजात मँगनीजचे प्रमाण बरेच होते आणि पहिल्या महायुद्धात त्याला अचानक महत्त्व आले. पोलाद घडवायला मँगनीज लागतेच. युद्धाआधी अमेरिकेतले कारखाने ते प्रामुख्याने रशिया, ब्राझील आणि हिंदुस्थानातून आणत. हिंदुस्थानचा माल मुख्यतः तेव्हाच्या मध्य प्रांतातला, म्हणजे नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या खाणींतला असे. काळ्या समुद्राची वाट युद्धाने बंद झाली, दूरच्या मालाला जहाजे मिळेनात, आणि देशी मँगनीजसाठी कारखानदार कायुनाकडे वळले. युद्ध संपताच मागणी ओसरली, तरी हे खनिज हा पट्ट्याचा आधार राहिला.

मिलफर्ड ही अशीच मँगनीजयुक्त खनिजाची, जमिनीखालची खाण होती. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी दुपारी, पाळी संपायला थोडाच वेळ उरला असताना, फोलीज पाँड या तळ्याच्या बाजूचे एक भुयार कोसळले. तळ्यातला चिखल आणि पाणी आत घुसले. खाली ४८ माणसे होती. पाण्याच्या पुढे धावत शिडी गाठून वर आली ती फक्त सात. त्यांत एक किशोरवयीन मुलगा होता. त्याचे वडील खालीच राहिले. खनिजाचे डोल वर पाठवण्याच्या कामावर असलेला क्लिंटन हॅरिस आपली जागा न सोडता इशाऱ्याचा भोंगा वाजवत राहिला. तो गेल्यावरही भोंगा काही तास वाजतच होता, कारण दोर त्याच्या अंगाशी अडकलेला होता. वीस मिनिटांच्या आत खाण जवळजवळ तोंडापर्यंत भरली. तळे आणि खाण उपसून ४१ मृतदेह बाहेर काढायला नोव्हेंबर उजाडला. चौकशी समितीने कोणावरही ठपका ठेवला नाही, आणि मिलफर्डमध्ये खनिज काढणे पुन्हा सुरूही झाले. मिनेसोटातला हा सर्वांत मोठा खाण अपघात. क्रॉस्बीच्या उत्तरेला त्या जागी आता काउंटीने स्मारक-उद्यान केले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मेसाबी पट्ट्यात टॅकोनाइट या हलक्या प्रतीच्या दगडापासून लोहाच्या गोळ्या बनवण्याचे तंत्र रुळले. परदेशी खनिजही स्वस्तात येऊ लागले. या शर्यतीत कायुनाचा निभाव लागला नाही. १९६०च्या दशकात जमिनीखालचे काम थांबले, १९७०च्या दशकात उघड्या खाणी बंद पडल्या आणि साठ्यातले उरलेसुरले खनिज १९८४पर्यंत रवाना झाले. तोवर पट्ट्यातून १० कोटी टनांहून अधिक खनिज गेले होते. तरुण मंडळी काम शोधत बाहेर पडली, दुकानांना कुलपे लागली.

खाणी चालू असताना पंप रात्रंदिवस पाणी उपसत. ते थांबताच भूजल वर चढू लागले आणि काही वर्षांत खड्ड्यांची तळी झाली. पोर्ट्समथ खाणीचे तळे सुमारे ४५० फूट खोल आहे. राज्यातले सर्वांत खोल तळे म्हणून ते सांगितले जाते. उभ्या कडांमुळे इथे उथळ, गाळाचा काठ नाही. पाण्यात पोषकद्रव्ये कमी, त्यामुळे शेवाळही कमी, आणि पाणी इतके नितळ की पाणबुड्यांना तळाशी उभी असलेली बुडालेली झाडे दिसतात. सरकारी मत्स्यविभागाने या तळ्यांत ट्राउट मासे सोडले. ढिगाऱ्यांवर कोणी काही लावले नव्हते. वाऱ्याने आलेल्या बियांतून तिथे ॲस्पेन आणि बर्च उभे राहिले. मासेमारी करणारे आणि पाणबुडे पडीक जागेत येत-जात राहिले. या वापराला रीतसर रूप मिळाले ते १९९३ साली. विधिमंडळाने सुमारे ५,००० एकरांचे ‘कायुना कंट्री राज्य मनोरंजन क्षेत्र’ स्थापन केले. राज्य उद्यानांत एरवी जंगल जपण्याची चिंता असते. इथे जंगल आधीच एकदा संपूर्ण उलटेपालटे झाले होते, आणि कदाचित त्यामुळेच सायकलींना नाही म्हणायला फारसे कारण उरले नसावे.

माउंटन बाइक तेव्हा दोन दशकांचीही नव्हती. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावरून सोडत. त्यातून जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची यांनी खास सांगाडे घडवले, आणि १९८१मध्ये स्टम्पजंपर हे कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनलेले मॉडेल बाजारात आले. पाठोपाठ पायी फिरणाऱ्यांशी खटके उडू लागले आणि अनेक वाटा सायकलींना बंद झाल्या. या बंदीला उत्तर म्हणून १९८८मध्ये इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन, म्हणजे इम्बा, स्थापन झाली. सायकलींनी वाट बिघडते हा आक्षेप खोडायचा, तर आधी न बिघडणारी वाट बांधून दाखवायला हवी होती. इम्बाने नेमके तेच शास्त्र बसवले.

वाटेचा खरा शत्रू पाणी असते, चाक नव्हे. सरळ उताराने काढलेली वाट पहिल्याच मोठ्या पावसात ओढा होते. म्हणून वाट उतारावर आडवी, समपातळीच्या जवळून नेतात. तिचा चढ डोंगराच्या चढाच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवतात आणि खालची कड किंचित झुकती, म्हणजे पाणी वाटेवरून आडवे निघून जाते. ठरावीक अंतराने वाट थोडी खाली उतरून पुन्हा चढते. पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडते आणि सायकलस्वाराला झोका मिळतो. वळणावर बाहेरच्या अंगाला मातीची भिंत उचलतात, म्हणजे ब्रेक न दाबता वळता येते आणि घसरलेल्या चाकाने माती उकरली जात नाही.

कायुनात स्थानिक स्वयंसेवक, राज्याचा निसर्गसंपदा विभाग आणि इम्बाचे रचनाकार यांनी मिळून हे सारे केले. जून २०११मध्ये सुमारे ४० किलोमीटरच्या अरुंद, एकेरी वाटा खुल्या झाल्या. तळ्यांच्या या सपाट मुलखात चढ-उतार मिळाले ते ढिगाऱ्यांमुळे. खाणीतला फुटका दगड आणि लोहमिश्रित मुरूम पाणी चटकन शोषतो आणि दाबला की घट्ट बसतो. त्यामुळे पाऊस थांबल्यावर इतर ठिकाणच्या मातीच्या वाटा बंद असतात तेव्हा इथे सायकली धावू लागतात. ती तांबडी माती टायर, मोजे, पाण्याची बाटली, सगळ्यांवर चढते आणि धुतल्यावरही पुरती जात नाही. वाटांना ड्रॅग लाइन, मॅन केज, टिंबर शाफ्ट, हॉल रोड अशी खाणकामातली नावे दिली आहेत. पुढे इम्बाने या जागेला आपला ‘सिल्व्हर’ दर्जा दिला.

क्रॉस्बी-आयर्नटनच्या मुख्य रस्त्यांवर सायकलदुकाने, खाणावळी, मुक्कामाच्या सोयी आल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाड्यांची गर्दी होऊ लागली. खाणीच्या पगाराशी या रोजगाराची बरोबरी होत नाही, तो बराचसा हंगामी आहे. हंगाम लांबवण्यासाठी वाटा वाढवताना हिवाळ्याचाही विचार झाला. सॅगमोर या दक्षिणेकडच्या भागात बर्फ दाबून फॅट बाइकसाठी वाटा तयार करतात. या सायकलींचे रुंद टायर कमी हवेवर चालतात, त्यामुळे ते बर्फात रुतत नाहीत. वसंतात बर्फ वितळून जमीन मऊ पडते, तेवढे दिवस मात्र वाटा सुकेपर्यंत बंद ठेवाव्या लागतात.