आकडे समोरच्यांनी द्यायचे

मुलांचं गणिताचं प्रेझेंटेशन जवळ आलं की बऱ्याच घरांत एकच वाद रंगतो. पोरांना जिओजेब्रा नाहीतर पायथन सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं असतं आणि आपण म्हणतो, "आधी रेकॉर्ड करून ठेव, ऐनवेळी फजिती नको." आपली काळजी खोटी नाही. तरी आजचा वाद उरकण्याआधी ११ सप्टेंबर १९४० ची ही गोष्ट वाचा.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये हॅनोवर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या डार्टमथ कॉलेजात अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा भरली होती. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजचे गणिती जॉर्ज स्टिबिट्झ आपल्या गणकयंत्राविषयी बोलायला आले होते. गंमत म्हणजे यंत्र तिथे नव्हतंच! ते होतं न्यूयॉर्कमध्ये, साडेतीनशे किलोमीटरहून लांब. हॅनोवरमध्ये होता फक्त एक टेलिटाइप, म्हणजे इथे टाइप केलं की तारेवरून तिकडे पोचवणारं आणि तिकडचं उत्तर इथे छापणारं यंत्र.

या यंत्राचा जन्म स्वयंपाकघरातला. १९३७ मध्ये स्टिबिट्झनी टेलिफोनचे टाकाऊ रिले, टॉर्चचे बल्ब आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या घेऊन घरच्या टेबलावर बेरीज करणारं एक खेळणं जोडलं. त्यांच्या बायकोने त्याला 'मॉडेल के' म्हटलं. के म्हणजे किचन!

कंपनीची गरज मात्र खेळण्याची नव्हती. टेलिफोनच्या जाळ्याची आखणी करताना संमिश्र संख्यांचे ढीगभर हिशेब लागत. अशा दोन संख्यांचा एक गुणाकार म्हणजे चार साधे गुणाकार, एक बेरीज, एक वजाबाकी. आणि हे सगळं टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर दिवसभर करत बसायच्या बायका. त्यांच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. (ताळेबंद जुळेना म्हणून रात्री जागलेल्या कुणालाही त्यांच्याविषयी वेगळं सांगायला नको.) स्टिबिट्झ आणि सॅम्युअल विल्यम्स यांनी केलेलं, साडेचारशेच्या आसपास रिले असलेलं यंत्र जानेवारी १९४० पासून हे काम करू लागलं.

आता सभेतल्या लोकांच्या जागी बसून बघा. याच सोसायटीच्या १९०३ च्या सभेत फ्रँक कोल यांनी २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार आहे असं दाखवलं. म्हणतात, तोंडातून एक शब्द न काढता त्यांनी फळ्यावर सगळं मांडलं. तिथे फसवायला जागाच नव्हती, कुणीही घरी जाऊन गुणून बघावं. पण १९४० मध्ये यंत्र दिसत नव्हतं. पलीकडे उत्तरं आधीच तयार ठेवून कुणी टाइप करत नसेल कशावरून?

स्टिबिट्झनी भाषण झाल्यावर लोकांनाच बोलावलं. तुमची गणितं घाला म्हणाले. माणसं पुढे आली, आपापले आकडे टाइप केले, आणि साधारण मिनिटाभरात उत्तर छापून आलं.

मला ही गोष्ट आवडते ती इथेच. ऑडिटमध्ये आर्टिकलशिपच्या पहिल्याच दिवसांत शिकवतात, की तपासायची व्हाउचर्स आपण निवडायची. क्लायंटने काढून ठेवलेली फाइल कितीही नीटनेटकी असली तरी त्यातून फार काही सिद्ध होत नाही. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ म्हणजे क्लायंटची फाइल. नऊ वेळा फसून दहाव्यांदा जमलेलंच त्यात दिसतं.

त्या दिवशीच्या श्रोत्यांत नॉर्बर्ट वीनर होते आणि जॉन मॉचलीही होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉचली आणि एकर्ट यांचा एनिॲक जगासमोर आला. दूर बसून टेलिटाइपवरून यंत्र वापरायची कल्पनाही पुढे डार्टमथमध्येच रुजली: १९६४ मध्ये केमेनी आणि कर्ट्झ यांनी तिथे बेसिक भाषा आणली आणि एकच कॉम्प्युटर अनेक विद्यार्थी एकाच वेळी टेलिटाइपवरून वापरू लागले.

तेव्हा रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर असू द्या, वायफाय कधीही दगा देतं. पण पोराला सांगा, आलेख काढायला घेतलास की पहिला आकडा वर्गाकडूनच माग. कुणीतरी मुद्दाम शून्य नाहीतर उणे सात देईलच. त्याची तयारी आदल्या रात्री जेवणानंतर तुम्हीच समोर बसून करून घ्या.