सँडविच कुणी भाजलं?

गेल्या शनिवारी आमच्याकडे पत्त्यांचा अड्डा जमला होता. महिन्यातून एकदा आम्ही सहा-सात मित्रमैत्रिणी एकत्र येतो. जेवणाचा थाटमाट नसतो. टेबलाच्या एका टोकाला पत्ते आणि दुसऱ्या टोकाला सँडविचचा टोस्टर, चटणीची वाटी, उकडलेले बटाटे आणि ब्रेडचे दोन पुडे, एवढाच सरंजाम. परवा डाव ऐन रंगात आला असताना एकानं गरम सँडविचचा घास घेत विचारलं, ‘‘तू इतिहास शिकवायचीस ना? मग सांग, हे सँडविच म्हणे जुगाराच्या टेबलावर जन्माला आलं. खरं की थाप?’’

उत्तर देण्याच्या नादात माझं पानांवरचं लक्ष उडालं आणि तो डाव मी हरले. उत्तरही अर्धवटच राहिलं. ते आज पुरं करते.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात सँडविच नावाचं एक गाव आहे. त्या गावाच्या नावाची सरदारकी माँटेग्यू घराण्याकडे होती. या घराण्यातला चौथा अर्ल म्हणजे जॉन माँटेग्यू. जन्म १७१८ चा, मृत्यू १७९२ चा. पिएर-जाँ ग्रोस्ले नावाचा एक फ्रेंच लेखक १७६५ मध्ये लंडनला गेला होता. पुढे त्यानं लंडनवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की एक मंत्री जुगाराच्या टेबलावर चोवीस तास बसून होता आणि खेळ न सोडता त्यानं ब्रेडच्या दोन कापांमधलं गोमांस तेवढं खाल्लं. या नव्या पदार्थाला त्या मंत्र्याचंच नाव पडलं. गंमत म्हणजे ग्रोस्लेच्या पुस्तकाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात हे काप ‘भाजलेले’ आहेत. म्हणजे या हकिकतीतलं सँडविच टोस्ट सँडविचच म्हणायचं!

पण इतिहासात एका साक्षीदारावर निकाल देता येत नाही. या अर्लचे चरित्रकार एन. ए. एम. रॉजर यांनी नेमकी हीच शंका काढली आहे. जुगाराच्या कथेला ग्रोस्लेखेरीज आधार नाही आणि त्या काळात अर्ल सरकारी कामात बुडालेला होता. तेव्हा तो दुहेरी काप त्यानं कामाच्या टेबलावरच खाल्ला असणं अधिक संभवतं, असं ते म्हणतात. दुसरीकडे, ‘सँडविच’ हा शब्द खाण्याच्या अर्थानं सापडतो तो एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या रोजनिशीत, २४ नोव्हेंबर १७६२ च्या नोंदीत. म्हणजे ग्रोस्ले लंडनला जाण्याच्या आधीच. ‘कोको ट्री’ या क्लबात देशातली बडी माणसं छोट्या टेबलांपाशी बसून थंड मांस किंवा सँडविच खात होती, असं पंचविशीतल्या गिबननं लिहून ठेवलं आहे.

आपल्या इतिहासाशीही या माणसाचा काळ जुळतो. १७७१ ते १७८२ ही अकरा वर्षं तो ब्रिटिश नौदलाचा प्रमुख मंत्री होता. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला गुडघे टेकायला लावले, तेव्हा लंडनमध्ये आरमाराचा कारभार हाच बघत होता. कॅप्टन कुकनं १७७८ मध्ये हवाई बेटांना ‘सँडविच बेटं’ असं नाव दिलं, तेही याच्याच मानासाठी. बेटांचं नाव पुढे बदललं. खाण्याच्या पदार्थाचं मात्र टिकलं.

आता माझा प्रश्न वेगळाच आहे. जुगाराचं टेबल असो की कामाचं, अर्ल जागचा उठला नाही, हे दोन्ही कथांमध्ये सारखं आहे. मग उठलं कोण? मांस कुणी कापलं, निखाऱ्यांवर ब्रेड कुणी भाजला, रात्री उशिरा टेबलापाशी ताटली कुणी आणून ठेवली? ते नाव कुणीही लिहून ठेवलेलं नाही. खाणाऱ्याचं नाव पदार्थाला लागलं आणि करणाऱ्याचं कायमचं पुसलं गेलं.

हा प्रश्न मला पुस्तकं वाचून सुचला असं म्हणणं खोटं ठरेल. तो सुचला आमच्या दादरच्या दोन खोल्यांत.

खेळाची रात्र आपल्याकडे काही नवी नाही. कोजागिरीला लक्ष्मी ‘कोण जागं आहे’ असं विचारत फिरते, म्हणून त्या रात्री जागायचं, आणि जागण्यासाठी सोंगट्या-फाशांचा खेळ खेळायचा, असं व्रताच्या परंपरेतच आहे. मंगळागौरीची रात्र तर खास बायकांच्या खेळांची. फुगड्या, झिम्मा, आगोटा-पागोटा. पण फुगडीला उभं राहण्याआधी भाजणीचे वडे आणि मटकीची उसळ त्याच बायकांनी केलेली असायची.

आमच्या घरी दर शनिवारी रात्री बाबा आणि त्यांचे तीन मित्र रमी खेळत. पैसे नाहीत, चिंचोके. खेळ अगदी सभ्य होता. दहाच्या सुमाराला एखादा काका हाक मारी, ‘‘वहिनी, काहीतरी गरम होऊन जाऊ दे!’’ आई तेवढ्यासाठी जागीच असे. कधी कांदाभजी, कधी पोहे, आणि पुढे पुढे सँडविच. बशा ने-आण करायचं काम माझं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराला हात पुसत डाव बघायची. एकदा आत आल्यावर माझ्या कानात म्हणाली, ‘‘बाबांनी चौकटची राणी टाकायला नको होती.’’ तेव्हा मला कळलं, की हिला सगळं समजतंय. इतकी वर्षं नुसतं बघून ती रमी शिकली होती.

सँडविच आमच्या घरापर्यंत कसं पोचलं, तोही एक मोठा प्रवास आहे. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा, ‘बटाटा’ही त्यांच्याच भाषेतून आलेला. मिरची, बटाटा, टोमॅटो, तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर भट्टीचा पाव तिथं रुजला. खमीर मिळेना म्हणून माडाच्या ताडीनं पीठ फुगवलं गेलं. हे काम करणारे गोव्याचे पोदेर पुढे मुंबईला आले, पाठोपाठ इराण्यांच्या बेकऱ्या आल्या. सँडविचला लागतो तो चौकोनी कापांचा ब्रेड मात्र यंत्रयुगातला. अमेरिकेत ऑटो रोवेडर यांच्या यंत्रानं कापलेला ब्रेड ७ जुलै १९२८ रोजी मिसूरी राज्यातल्या चिलिकॉथी गावी पहिल्यांदा विक्रीला आला. युद्धकाळात, जानेवारी १९४३ मध्ये, तिथल्या सरकारनं या कापलेल्या ब्रेडवर बंदी घातली. तेव्हा एका गृहिणीनं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला पत्र लिहून सकाळच्या घाईत नवऱ्यासाठी आणि मुलांसाठी हातानं किती काप करावे लागतात, याचा हिशेबच मांडला. मार्चमध्ये बंदी उठली. करणाऱ्याचा आवाज इतिहासात असा क्वचितच उमटतो.

आपल्याकडे १९६५ मध्ये सरकारनं ‘मॉडर्न बेकरीज’ ही कंपनी काढली आणि मेणकागदातला कापलेला ब्रेड मध्यमवर्गीय घरांमध्ये शिरला. मुंबईच्या सँडविचवाल्यांनी त्या अर्लच्या पदार्थाचं रूपच पालटलं. मांस गेलं. त्या जागी उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट आणि झणझणीत हिरवी चटणी आली. दोन कापांची कल्पना तेवढी विलायती राहिली.

भाजायला आमच्याकडे लांब दांड्यांचा, दोन पाळ्यांचा हातातला टोस्टर होता. गॅसवर धरायचा आणि उलटायचा. अशाच एका उपकरणाचं पेटंट १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बाँडाय भागातल्या अर्नेस्ट स्मिदर्स यांनी घेतलं होतं. तिथं त्याला ‘जॅफल’ म्हणतात. काप कडेनं दाबून बंद झाल्यामुळे आतलं सारण बाहेर येत नाही, ही त्यातली युक्ती. पण हा टोस्टर एका वेळी एकच सँडविच भाजतो आणि करणाऱ्याला शेगडीपाशी खिळवून ठेवतो. चार जणांची आठ सँडविचेस म्हणजे आईचा तासभर ठरलेलाच.

विजेचा सँडविच टोस्टर १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच ‘ब्रेव्हिल’ कंपनीनं आणला आणि तो फार लोकप्रिय झाला. आमच्या घरी तसला टोस्टर आला १९८४ च्या दिवाळीत. स्वयंपाकघरात त्याचा पिना असलेला मोठा प्लग बसेना. तसला सॉकेट बाहेरच्या खोलीत, पत्त्यांच्या टेबलामागे होता. म्हणून त्या शनिवारी आई चटणी, बटाटे, ब्रेड घेऊन बाहेर आली आणि टेबलापाशी स्टुलावर बसली. त्या दिवशी एक काका आले नव्हते. बाबा पानं पिसता पिसता म्हणाले, ‘‘चौथा हात कोण घेणार?’’ मी पटकन बोलून गेले, ‘‘आईला येते रमी.’’

एक काका हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी आईपुढे पानं वाटली.

पहिला डाव ती हरली. हातात पानं, पण सगळं लक्ष टोस्टरकडे. वाफ आली की पानं उपडी ठेवून उठायची. तिसऱ्यांदा ती उठली तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘तू बैस. पानं बघ. ते मी बघतो.’’ त्यांनी भाजलेली पहिली दोन सँडविचेस काळी ठिक्कर झाली. ती तशीच सगळ्यांनी खाल्ली. आईनं पुढचा डाव जिंकला की नाही, ते मला आठवत नाही. आठवतात ते बाबा, टोस्टरचं झाकण उघडून आत वाकून बघणारे.

तेव्हा यंत्रानं आईला मोकळं केलं, असं मी म्हणणार नाही. यंत्रानं तिला फक्त बाहेरच्या खोलीत आणलं. बाबा जागचे उठले, तेव्हा ती खेळायला बसली.

आता थोडं शास्त्र, कारण सँडविच काळं करायचं नसेल तर ते लागतं. ब्रेडच्या ओल्या भागाचं तापमान पाणी उडून जाईपर्यंत शंभर अंशांच्या वर फारसं जात नाही. पृष्ठभाग कोरडा होऊन एकशे चाळीस अंशांच्या आसपास पोचला, की प्रथिनं आणि साखर यांची प्रक्रिया होऊन तो खमंग तांबूस रंग येतो. लुई कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं. म्हणून ब्रेड आदल्या दिवशीचा घ्यावा. तो थोडा कोरडा असतो. बटाटे उकडून पूर्ण गार करावेत. काकडी-टोमॅटोचे काप पुसून घ्यावेत. चटणीत कोथिंबीर, मिरची, आलं, लिंबू यांबरोबर मूठभर डाळं वाटावं, म्हणजे पाणी सुटत नाही. आतून थोडं लोणी लावलं की चटणीचा ओलावा ब्रेडमध्ये उतरत नाही. बाहेरून लावलं की रंग सारखा येतो. झाकण सारखं उघडून बघू नये. भाजून झाल्यावर मिनिटभर थांबून मगच कापावं, नाहीतर बटाटा जीभ पोळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम आमच्या अड्ड्याचा. जो डाव हरेल, त्यानं पुढच्या डावात टोस्टरपाशी उभं राहायचं. घर कुणाचंही असो, बाई असो की पुरुष. परवा इतिहास सांगण्याच्या नादात मी हरले, म्हणून पुढची सहा सँडविचेस मी भाजली. वाढताना मित्र म्हणाला, ‘‘हे सँडविच कुणी भाजलं, याची नोंद ठेव बरं का!’’

गुणांच्या वहीत त्या डावापुढे त्यानं खरंच माझं नाव लिहिलं. आईच्या काळची वही माझ्याकडे अजून आहे. तिच्यात १९८४ च्या दिवाळीनंतर चौथ्या रकान्यावर कधी त्या काकांचं नाव आहे, तर कधी बाबांच्या अक्षरात नुसतं ‘ही’ असं लिहिलं आहे. नाव घ्यायची त्यांना सवय नव्हती. पण रकाना होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)