लाखेची डाळ व कलायखंज : संशोधनाचा इतिहास

भंडारा जिल्हा व त्यास लागून असलेले गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे मिळून होणाऱ्या धानपट्ट्यात पिकणारे लाख हे कडधान्य व ते दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने पायांना येणारा पांगळेपणा, यांविषयी वैद्यक, रसायनशास्त्र, कृषिविज्ञान आणि समाजशास्त्र या भिन्न शाखांत झालेल्या अभ्यासाचा हा इतिहास आहे. या कडधान्यास भंडाऱ्याकडे लाखोळी किंवा लाखोरी, हिंदीत खेसारी वा तेवडा आणि संस्कृतात त्रिपुट म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव लॅथिरस सॅटायव्हस असे आहे. पळस, कुसुम इ. वृक्षांवरील कीटकांपासून मिळणाऱ्या लाख या राळेशी त्याचा काही संबंध नाही. रोगास आयुर्वेदात कलायखंज व आधुनिक वैद्यकात लॅथिरिझम ही संज्ञा आहे.

पीक व परिसर : वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत या धानपट्ट्याचा मोठा भाग याच एका जिल्ह्यात मोडत असे. येथील धान बांध घातलेल्या लहानलहान खाचरांत, म्हणजे बांध्यांत, होते. धान कापणीला येण्यापूर्वी दोन-तीन आठवडे, पीक उभे असतानाच, ओल्या बांधीत लाखोळीचे बी फेकून देतात. या पद्धतीस उतेरा म्हणतात. धान कापून नेईपर्यंत रोपे वर आलेली असतात आणि पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती वाढतात. नांगरट नाही, खत नाही, स्वतंत्र पाणी नाही. बांधीत तुंबलेले पाणी आणि त्यानंतरचा कोरडा काळ अशा दोन्ही टोकांना तग धरणारे दुसरे कडधान्य या भागात विरळाच. शेंगा धरण्यापूर्वी कोवळा पाला खुडून त्याची भाजी करतात; तो वाळवून वर्षभर पुरवितात. दाण्यांची डाळ व पीठ होते, भुसा गुरांना जातो आणि मुळांवरील गाठींतील जंतूंमुळे जमिनीत नायट्रोजनाची भर पडते. दाण्यात प्रथिनाचे प्रमाण सु. २८ टक्के असते. हे गुण मोठे खरे, परंतु रोगाचे मूळही त्यांतच आहे. अवर्षणात इतर सर्व पिके बुडाली तरी हे हाती येते, आणि मग गरिबाच्या ताटात त्यावाचून दुसरे काही उरत नाही.

पूर्वीचे उल्लेख : सुश्रुतसंहितेत कलायखंज या वातविकाराचे वर्णन आले असून त्यात रोगी चालू लागताच कापतो व लंगडत चालतो, असे लक्षण दिले आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात त्रिपुट हे धान्य माणसास लंगडे व पांगळे करते, असे स्पष्ट म्हटले आहे. यूरोपात हिपॉक्राटीझच्या परंपरेतील ग्रंथांत सतत कडधान्ये खाऊन पाय निकामी झालेल्या लोकांचा उल्लेख सापडतो. जर्मनीतील वुर्टेंबेर्कच्या ड्यूकने १६७१ मध्ये लाखेचे पीठ पावात वापरण्यास मनाई केली. लॅथिरिझम हे नाव मात्र बरेच नंतरचे. ते १८७३ मध्ये नेपल्सच्या कांतानी यांनी रूढ केले.

मध्य भारतातील साथीचे पहिले तपशीलवार वर्णन विल्यम स्लीमन यांच्या १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात आहे. सागर भागात १८२९ पासून लागोपाठ गव्हाची पिके बुडाली. शेतांत आपोआप माजलेल्या तेवड्यावर लोकांनी दिवस काढले आणि १८३३ पासून प्रामुख्याने तिशीच्या आतील माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. स्लीमन हे वैद्य नव्हते; तरीही रोग, दुष्काळ आणि धान्य हे तीन दुवे त्यांनी एकत्र मांडले. पुढील शंभर वर्षांत तज्ञांनी हे दुवे सुटे करून पाहिले आणि त्यांपैकी दुष्काळाचा दुवा बहुधा बाजूस पडला.

वैद्यकीय अभ्यास : १९२२ मध्ये ह्यू ॲक्टन यांनी रीवा संस्थानातील रुग्ण पाहून रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. काठीवाचून पण अडखळत चालणारा, एका काठीचा आधार लागणारा, दोन काठ्या लागणारा आणि अखेरीस बसून हातांच्या आधाराने सरकणारा, अशी ही वर्गवारी आजही वापरतात. रोगात पायांचे स्नायू ताठरतात, चाल कात्रीसारखी होते व टाचा जमिनीला टेकत नाहीत. संवेदना, बुद्धी आणि वाचा शाबूत राहतात. मेरुरज्जूतून स्नायूंकडे आज्ञा नेणाऱ्या मार्गांना झालेली इजा भरून येत नाही. रोगाने मृत्यू येत नाही, हेच त्याचे क्रौर्य म्हणावे लागते. विशीतला मजूर पुढील सारे आयुष्य पांगळेपणात काढतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांत व त्यांतही कष्टकरी वयाच्या पुरुषांत तो अधिक आढळतो. रोजच्या आहाराचा सु. तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक भाग सलग दोन-तीन महिने लाखेचा असला, तर धोका उद्‌भवतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

कारणाच्या शोधात काही आडवाटा लागल्या. १९२५ मध्ये अँडरसन, हॉवर्ड व सायमनसेन यांनी खरा दोष लाखेत मिसळून येणाऱ्या अकटा या तणाच्या बियांचा असावा, असा निष्कर्ष काढला आणि लाख काही काळ निर्दोष ठरली. पुढे दुसऱ्याच एका जातीच्या, म्हणजे शोभेच्या स्वीट पीच्या, बियांतून मिळालेल्या द्रव्याने उंदरांची हाडे वाकडी होतात असे दिसले. त्यामुळे माणसातील तंत्रिकांचा रोग व उंदरातील अस्थींचा रोग यांची बरीच वर्षे गल्लत झाली.

विषद्रव्याचा शोध : १९६४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा व पी. एस. शर्मा यांनी लाखेच्या बियांतून एक ॲमिनो अम्ल वेगळे काढले. बीटा-ओडॅप या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलांना ते टोचले असता त्यांना झटके येत. प्रौढ प्राण्यांवर मात्र सहजासहजी परिणाम दिसत नसे. त्याच वर्षी दिल्लीत मूर्ती, शेषाद्री व वेंकिटसुब्रमणियन यांनीही स्वतंत्रपणे हे द्रव्य ओळखले. ते पाण्यात विरघळणारे असल्याने दाणे गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले, तर विषाचा बराचसा भाग निघून जातो, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील गोपालन व सहकाऱ्यांनी दाखविले. उकडा तांदूळ करण्याची रीत लाखेलाही लावता येते, ही त्यांची सूचना भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात सहज समजण्याजोगी होती. तथापि अशा प्रक्रियेत पाणी व सरपण लागते आणि काही जीवनसत्त्वेही वाहून जातात, त्यामुळे तिचा प्रसार फारसा झाला नाही. माकडांवरील दीर्घ प्रयोगांवरून बीटा-ओडॅपचा रोगाशी असलेला संबंध स्पेन्सर व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये पुढे मांडला.

बंदी : विषद्रव्य हाती येण्यापूर्वीच कायदा झाला होता. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ मध्ये ४४ अ हा नियम घालून लाख, तिची डाळ, पीठ व त्यांची मिश्रणे यांच्या विक्रीस मनाई करण्यात आली. मात्र तो केव्हा लागू करावयाचा, हे प्रत्येक राज्यावर सोपविले होते. महाराष्ट्राने तो लागू केला. मध्य प्रदेश, बिहार व पश्चिम बंगाल यांनी केला नाही.

येथे भंडाऱ्याच्या दृष्टीने एक विचित्र स्थिती निर्माण झाली. ज्या साथींच्या अभ्यासावर बंदीचा पाया होता, त्या प्रामुख्याने सागर, रीवा, अलाहाबाद या भागांतील होत्या. भंडारा हा जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत सागरच्याच प्रांतात होता. त्यानंतर तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आला. परिणामी रोगाचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या रीवा-सतना भागात लाख उघडपणे विकता येई आणि रोगाच्या प्रसिद्ध साथींत ज्याचे नाव ठळकपणे येत नाही त्या भंडाऱ्यात तिची विक्री गुन्हा ठरली. शिवाय मनाई विक्रीला होती, पेरण्याला वा खाण्याला नव्हती. शेतकऱ्याने ती पिकवावी व घरी खावी, पण बाजारात नेऊ नये, असा त्याचा व्यवहारी अर्थ झाला. शहरी ग्राहकाला तूरडाळीतील व बेसनातील भेसळीपासून वाचविणे हा हेतू त्यात समजू शकतो. परंतु खरोखर पांगळा होणारा माणूस डाळ विकत घेणारा नव्हता.

मजुरी व रोग : तो कोण होता, हे समाजशास्त्रीय अंगाने झालेल्या पाहण्यांनी दाखविले. रीवा जिल्ह्यात द्विवेदी व प्रसाद यांनी केलेली रोगपरिस्थितीची पाहणी १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. भूमिहीन शेतमजुरांत व विशेषतः वेठीने बांधलेल्या गड्यांत रोग एकवटलेला होता. त्यांची मजुरी धान्यरूपाने मिळे आणि त्या धान्यात लाखेचा भरणा मोठा असे. जमीनमालकाला ती स्वस्त पडे, गड्याला निवड नव्हती. अशा स्थितीत विक्रीबंदीने काहीच साधत नाही, कारण येथे विक्री होतच नाही. वेठबिगारी नष्ट करणारा केंद्रीय कायदा १९७६ मध्ये झाला. मजुरी रोख मिळू लागली व इतर धान्ये आवाक्यात आली, तसतसा रोगही मागे हटला. त्याचे श्रेय मनाईच्या नियमापेक्षा या बदलांकडे अधिक जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परदेशांतील दोन घटनांनी या मतास पुष्टी मिळते. दुसऱ्या महायुद्धात रूमानियाच्या ताब्यातील व्हाप्न्यार्का येथील छळछावणीत ज्यू कैद्यांना १९४२-४३ मध्ये मुख्यतः लाखच खावयास दिली गेली. अनेक जण पांगळे झाले आणि कैद्यांपैकीच एक असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखले. इथिओपियात १९९५–९७ च्या साथीनंतर झालेल्या अभ्यासांत लाखेबरोबर तृणधान्य मिसळून खाणाऱ्यांना रोगाचा धोका कमी असल्याचे आढळले. लाखेत गंधकयुक्त ॲमिनो अम्ले थोडी असतात. ती उणीव तृणधान्य भरून काढते. भंडाऱ्यात लाखोळी ही भातावरची डाळ, पाल्याची भाजी वा वड्यांचे पीठ म्हणून खाल्ली जाते, भाताच्या जागी नव्हे. हा फरक बंदी घालताना विचारात घेतला गेला नाही.

वाण व जमीन : दरम्यान कृषिशास्त्रज्ञ कमी विषाचे वाण काढण्याच्या मागे होते. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात पुसा-२४ हा वाण पुढे आणला. परंतु बीटा-ओडॅपचे प्रमाण केवळ वाणावर ठरत नाही, असे लवकरच ध्यानात आले. पाण्याचा ताण पडला किंवा जमिनीत जस्त कमी असले, तर तोच वाण अधिक विष साठवितो. सतत धान घेतलेल्या पाणथळ जमिनींत जस्ताची उणीव पुष्कळदा आढळते, म्हणून उतेरा पद्धतीच्या प्रदेशाला ही बाब विशेष लागू पडते. पुढे ऊतिसंवर्धनाच्या तंत्राने पुसा-२४ पासूनच रतन हा वाण मिळविण्यात आला (१९९७). रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने प्रतीक व महातेवडा हे वाण दिले. यांतील विषाचे प्रमाण ०·१ टक्क्याच्या आसपास वा त्याहून कमी असते. जुन्या गावरान वाणांत ते याच्या कित्येक पट आढळते.

बंदीचा शेवट : महाराष्ट्रातील बंदीविरुद्ध नागपूरच्या ‘अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट’ या संस्थेचे शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ लढा दिला, त्यासाठी उपोषणेही केली. पूर्व विदर्भातील लोक पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खात आले आहेत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा मुख्य आधार होता. अनुभव हा पुरावा म्हणून शास्त्राच्या कसोटीला नेहमीच पुरा पडतो असे नाही. पण येथे तो इतर प्रदेशांतील निष्कर्षांशी जुळत होता. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये बंदी उठविली. १९६४ साली विषद्रव्य वेगळे करणारे एस. एल. एन. राव यांनीच २०११ मध्ये लिहिलेल्या एका लेखात लाखेची व बीटा-ओडॅपची उजळ बाजू मांडली, ही या इतिहासातील लक्षणीय घटना होय.

केंद्रीय पातळीवर मात्र प्रश्न लगेच सुटला नाही. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत विक्रीवरील मनाई कायम राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ञसमितीने ती उठविण्याच्या बाजूने कौल दिल्याचे जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाले, तेव्हा कमी विषाचे वाण उपलब्ध असणे हे एक प्रमुख कारण होते. या वाणांची शुद्धता शेतात टिकविणे हे वेगळेच काम आहे. लाखेच्या फुलांत स्वपरागण प्रमुख असले, तरी मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागण होते. उतेऱ्याचे बी शेतकरी बहुधा घरचेच राखतो. शेजारच्या बांधीत गावरान लाखोळी फुलात असेल, तर नव्या वाणाचे बी काही हंगामांत मिश्र होते, आणि बाहेरून पाहून दाण्यातील विषाचे प्रमाण ओळखता येत नाही.