‘अजून ठरलं नाही’ म्हणणारा नेता कायद्यानं उमेदवार कधी होतो?

चौकात ‘भावी आमदार’चा फलक लागतो, गावागावांतून देवदर्शनाच्या गाड्या सुटतात. साहेबांना विचारलं, तर उत्तर ठरलेलं : ‘कार्यकर्त्यांचा आग्रह आहे, पण अजून काही ठरलं नाही.’ या तळ्यात-मळ्यातचं एक कारण कायद्यातच आहे.

खर्चाचं मीटर कधी सुरू होतं?
विधानसभा-लोकसभेला उमेदवाराचा खर्च अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत मोजतात. महाराष्ट्रात मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख रुपये. अर्जाआधी झालेल्या सभा, जेवणावळी या हिशेबात येत नाहीत. आधी छापलेलं साहित्य अर्जानंतर वापरलं, तर ते मात्र धरावं लागतं. (ग्रामपंचायत, झेडपीचं कामकाज राज्य निवडणूक आयोगाकडे असतं, तिथले नियम वेगळे.)

आधी असं नव्हतं
१९७५ पर्यंत निवडणूक तोंडावर असताना ‘मी उभा राहणार’ असं दाखवून देणाराही कायद्यानं उमेदवार ठरायचा. हेच इंदिरा गांधींना नडलं. २९ डिसेंबर १९७० च्या पत्रकार परिषदेत त्यांनी मतदारसंघ बदलणार नसल्याचं सांगितलं. रायबरेलीतून अर्ज भरला १ फेब्रुवारी १९७१ ला. राजनारायण कोर्टात गेले. अलाहाबाद हायकोर्टानं त्यांना २९ डिसेंबरपासूनच उमेदवार मानलं. अर्जाआधी यशपाल कपूर सरकारी नोकरीत असताना त्यांची मदत घेतल्याचा ठपका ठेवला. १२ जून १९७५ ला निवडणूक रद्द झाली, त्यात हे एक प्रमुख कारण होतं.

ऑगस्ट १९७५ मध्ये, आणीबाणीत, संसदेनं व्याख्याच बदलली : रीतसर अर्ज भरला तोच उमेदवार. बदल मागच्या तारखेपासून लागू केला. ७ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानं इंदिराजींची निवड कायम ठेवली. ती व्याख्या आजही तशीच आहे.

माघारीचं काय?
माघार लेखी आणि सहीनिशी, ठरलेल्या दिवशी दुपारी ३ च्या आत द्यावी लागते. एकदा दिली की परत घेता येत नाही. मुदत टळल्यावर कुणी भाषणात ‘मी माघार घेतली’ म्हणालं, तरी मशीनवर नाव राहतंच.

म्हणजे अर्ज भरेपर्यंत कायद्याच्या लेखी साहेब उमेदवार नाहीत. तोवर गाडी, मंडप, जेवण कुणाच्या पैशानं होतंय, हे गावानंच विचारायचं असतं.